फ्री थ्रोला लागलेली नजर

रत्नागिरीचं आणि बास्केटबॉलचं काही वैर नाही, पण फारशी ओळखही नाही. क्रिकेटवर इथे कोणीही बोलतो. कबड्डीवर बोलताना तर माणसं हातपायही वापरतात. बास्केटबॉलचा विषय निघाला की मात्र सगळे दुसऱ्याच्या घरच्या देवासमोर बसतात तसे आदराने गप्प बसतात. विनीतला ही शांतता फार खुपायची. इतका कोनांचा, वेगांचा, उसळीचा खेळ, आणि त्यावर गावात चार शब्दांची चर्चा असू नये? ती चर्चा त्याने सुरू केली. पंधरवड्याच्या आत अशी वेळ आली, की खाली कोणी नुसतं 'बास्केट' म्हटलं तरी तो अर्ध्या जिन्यावरून परत वर जायचा.

विनीत भौतिकशास्त्राचा पदवीधर. एका खासगी प्रयोगशाळेत विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्याचे नमुने तपासायचा. त्यामुळे समोर येईल त्या गोष्टीचा नमुना घ्यायची त्याला सवय. आईने "आमटी कशी झाल्ये रे?" विचारलं, तर "कशाच्या तुलनेत?" असं विचारणारा मुलगा. त्याचं लग्न का जमत नाही, यावर आईला वेगळं संशोधन करावं लागलं नव्हतं.

आपल्या जुन्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमवर मात्र त्याचा मनापासून जीव होता. कॉलेज वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळावर. कोर्ट सिमेंटचं, उघड्यावर. ते ज्याने आखलं त्याला सूर्य कुठे मावळतो हे बहुधा कोणी सांगितलं नसावं, कारण एक रिंग पूर्वेला आहे आणि दुसरी बरोब्बर पश्चिमेला, समुद्राच्या दिशेने. चारच्या मॅचला दुसऱ्या हाफमध्ये पश्चिमेकडे बॉल टाकायचा म्हणजे सूर्यदेवाच्या डोळ्याला डोळा भिडवायचा. त्या पश्चिमेच्या रिंगमागे जांभ्या दगडाचा एक चिरा पडलेला होता. गेल्या वर्षीपासून विनीत प्रत्येक मॅचला त्या चिऱ्यावर बसायचा आणि पाठीवर ऊन येतं म्हणून आईची लिंबू रंगाची छत्री खांद्यावर टेकवून उघडी धरायचा. तरुण मुलाने असली छत्री घेऊन हिंडावं का, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. तिचं कापड उन्हाला किती अडवतं एवढंच त्याने पाहिलं होतं.

हंगामाची पहिली मॅच चिपळूणच्या टीमशी झाली आणि आपल्या मुलींनी ती जिंकली. दुसऱ्या कोणी असतं तर शेवपुरी खाऊन घरी गेलं असतं. विनीत घरी जाऊन लिहायला बसला. 'हंगामातील पहिला सामना : काही निरीक्षणे' असं शीर्षक देऊन त्याने माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मजकूर टाकला. त्या ग्रुपवर तोवर वाढदिवसाचे केक आणि सुप्रभातीची गुलाबं यांखेरीज काही येत नसे.

निरीक्षणं नेमकी होती, हाच त्यांचा दोष. वाऱ्याची दिशा होती. बचावात कोण कधी दमतं ते होतं. मृणालीबद्दल लिहिलं होतं : 'बॉल हातात आल्यावर ती आधी आपल्या आईकडे पाहते. आई डावीकडे बसते. म्हणून पास बहुतेक वेळा डावीकडे जातो.' आणि अक्षयाबद्दल एक आख्खा परिच्छेद होता. अक्षया टीमचा कणा. फ्री थ्रो, म्हणजे समोर कोणी न अडवता रेषेवर उभं राहून मारायचा नेम, तिच्यासारखा जिल्ह्यात कोणाचा नाही असं सगळेच म्हणत. विनीतने लिहिलं : 'अक्षया फ्री थ्रोआधी बॉल आपटते, मग जिभेचं टोक बाहेर काढते, मग डावी टाच उचलते, आणि नंतरच बॉल सोडते. जीभ व टाच यांचा नेमाशी काय संबंध आहे, हे समजत नाही. पहिल्या हाफमध्ये तिचे एखाद-दोन फ्री थ्रो चुकतात आणि दुसऱ्या हाफमध्ये एकही चुकत नाही. शरीर तापायला वेळ लागत असावा.'

शेवटच्या वाक्यावर तो स्वतःच खूश झाला. 'असावा' लिहिल्यामुळे ते शास्त्रशुद्ध वाटत होतं.

आता या जगात एखादा मजकूर जिथे टाकला तिथेच राहिला असता, तर निम्म्या भानगडी झाल्याच नसत्या. पण खालच्या मजल्यावर अनिलकाका होते. कोर्टात शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. कागद पाहिला की तो पुढे सरकवायचा, ही सवय त्यांच्या हाडात मुरलेली. त्यांनी वरती 'सर्वांनी जरूर वाचावे' असं जोडून तो मजकूर सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, मग ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर, आणि गॅसच्या टाकीचे नंबर लावण्यासाठी जो ग्रुप काढला होता त्यावरही. दुसऱ्या दिवशी विनीतची आई मासळीबाजारातून आली ती पिशवीसकट खुर्चीत बसली.

"मृणालीची आई भेटली होती," ती म्हणाली.

"काय म्हणाली?"

"काहीच नाही म्हणाली. तोच तर त्रास आहे. पापलेटाकडे बघून म्हणाली, 'काही लोक खेळ बघायला येतात, काही लोक दुसऱ्यांच्या आया बघायला येतात.'"

"मी वस्तुस्थिती लिहिली."

"ती बिचारी डावीकडे बसते कारण तिकडे काजूची सावली आहे! आता म्हणते उजवीकडे उन्हात बसेन, पण माझ्या पोरीला बोल लागू देणार नाही. भिशीत काय तोंड दाखवू मी?"

(ती खरंच उजवीकडे बसली. पुढच्या मॅचमध्ये मृणालीचे सगळे पास उजवीकडे गेले, जिथे आपल्या टीमची एकही मुलगी नव्हती. पण ते नंतर.)

विनीतने मजकूर काढून टाकायचं ठरवलं. फोनने सांगितलं, मुदत संपली. ग्रुपचा ॲडमिन मस्कतला होता आणि त्याला वाटलं विनीत स्वतःला काढायला सांगतोय, म्हणून त्याने विनीतलाच ग्रुपमधून काढलं. मजकूर राहिला.

तेवढ्यात कळलं, की जिमखान्याच्या महिपत सरांनी त्या निरीक्षणांची मोठ्या अक्षरांत प्रत काढून काचेच्या फलकात लावली आहे. विनीत धावत कॉलेजात गेला. सर शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळत बसले होते.

"सर, ते जरा काढता का?"

"काढू? अरे, बावीस वर्षांत माझ्या टीमवर कोणी एक ओळ लिहिली नव्हती. प्राचार्यांनी स्वतः सही केल्ये."

"पण मुलींना…"

"आणि आवक नंबर पडलाय त्याला. आवक झालेला कागद असा हवेत कसा काढायचा? जावक करावा लागेल. जावक कुठे करणार? तुला? तू कॉलेजचा कोण?"

"माजी विद्यार्थी."

"मग तसा अर्ज कर. 'मी केलेली निरीक्षणे मला परत मिळावीत.' सोबत ओळखपत्राची प्रत."

विनीतने अर्जही केला. फलकाच्या काचेची किल्ली ज्या क्लार्ककडे होती तो मतदारयाद्यांच्या कामाला गेला होता. त्यामुळे अर्ज मंजूर झाल्यावरही निरीक्षणं काचेआडच राहिली, आणि मंजूर झालेला अर्ज शिपायाने काचेवर बाहेरून चिकटवला. आता येणारा-जाणारा आधी अर्ज वाचे आणि मग, एवढं परत मागण्यासारखं यात आहे तरी काय, म्हणून आतला मजकूर दुप्पट लक्ष देऊन वाचे.

तिथेच त्याला अक्षया भेटली. शेवटच्या वर्षाला होती. उंच, शांत पोरगी. बाप दादू जहाजावर नोकरीला, म्हणून ती शहरात आत्याकडे राहून शिकत होती. हंगामाच्या तिसऱ्या मॅचला विद्यापीठाचे निवड करणारे येणार होते आणि यंदा तिचं नाव विद्यापीठाच्या टीममध्ये जाणार, हे जवळजवळ धरूनच चाललं होतं सगळं. हे वर्ष गेलं की संपलं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

"विनीतदादा," ती हळूच म्हणाली, "मी खरंच जीभ काढते?"

"पूर्ण नाही. टोक फक्त."

"म्हणजे केवढं?"

शास्त्रात प्रात्यक्षिकाला पर्याय नसतो. विनीतने आपली जीभ बाहेर काढून दाखवली. नेमके त्याच वेळी महिपत सर दारातून बाहेर आले, त्यांनी पाहिलं आणि आल्या पावली आत गेले.

"आणि टाच?" अक्षयाने विचारलं.

इथे त्याने गप्प बसायला हवं होतं. त्याऐवजी त्याने फोनवरचं चित्रण संथ गतीने लावून तिच्यासमोर धरलं. तिने ते पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. आपलाच आवाज पहिल्यांदा ऐकल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा तिचा झाला.

"मग आता मी काय करू?"

"काहीच नको. नेहमीसारखंच टाक."

"नेहमीसारखं म्हणजे कसं?" असं म्हणून ती स्वतःच्या डाव्या टाचेकडे बघत निघून गेली. आपलं काहीतरी चुकलं, हे विनीतला कळलं. पण त्या चुकीची नोंद करायला जागा नव्हती, म्हणून त्याने ती तशीच ठेवली.

दुसरी मॅच खेडच्या टीमशी. या वेळी विनीतने ठरवलं की अंदाज नकोत, पुरावा हवा. जीभ आणि टाच यांचा निकाल लावायचा तर चित्रण बाजूने पाहिजे, पाठीमागून नव्हे. मग तो आपला नेहमीचा चिरा सोडून मधल्या रेषेपाशी बसला. फोन एका दगडाला सुतळीने बांधला. छत्री घरी ठेवली, कारण तिची सावली चित्रणात आली असती. असा सगळा विचार करणारा माणूस.

दुसऱ्या हाफमध्ये अक्षया पश्चिमेच्या रिंगसमोर उभी राहिली. बॉल आपटला. गर्दीतून एक बारीक आवाज आला, "जीभ!" आणि खसखस पिकली. तिने जीभ आत घेतली. टाच उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. डोळे बारीक करून रिंगकडे पाहत राहिली आणि बॉल टाकला. तो रिंगला न लागता, बोर्डाला न लागता, सरळ पलीकडच्या करवंदीच्या जाळीत गेला. नंतरचेही असेच. आपण हरलो. उठता उठता कोणीतरी विनीतला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालं, "एवढा काय निरखून बघायचा असतो माणसानं? हसती-खेळती पोर ती!"

विनीत घरी येऊन जेवला नाही. हरण्याचं कारण त्याला स्पष्ट दिसत होतं. न बघता होणारी गोष्ट त्याने बघायला लावली होती. चालणाऱ्याला पाय कुठला टाकतोस विचारलं की तो अडखळतो, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. त्याला पदवी घेऊन कळलं नव्हतं.

गावाने निदान केलं ते मात्र दोन अक्षरी होतं. दृष्ट.

रविवारी सकाळी अक्षयाची आत्या यमुनाबाई घरी आली. नऊवारी कासोटा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बरोबर अनिलकाका होतेच; कुठलंही प्रकरण त्यांच्या सहीशिवाय पुढे जात नसे.

"तो विनीत म्हणजे तूच काय रे?" यमुनाबाई म्हणाली.

"हो."

"डोळे दाखव."

विनीतने चष्मा काढला.

"हां. घारे हायत. मी बोललेलंच." ती विनीतच्या आईकडे वळली. "बाय, तुझ्या झिलाचा वाईट नाय चिंतत मी. पण त्यान् माझ्या पोरीला पायापासून जिभेपर्यंत बघितलान, आणि बघितलान ता बघितलान, वर लिहून काढलान! दृष्ट लागली ती लागली, काचेत घालून ठेवलान तिला! आता उतरायची कशी?"

"आत्या, दृष्ट वगैरे काही नसतं," विनीत म्हणाला. "तिचं लक्ष स्वतःच्या हालचालीकडे गेलं. ते माझ्यामुळे गेलं, हे मला मान्य…"

"मान्य हाय ना? मग झाला तर! मी वेगळा काय सांगतंय?"

निदान त्यांचं आणि त्याचं, खरं सांगायचं तर, एकच होतं. फक्त यंत्रणेबद्दल मतभेद होते. आणि पोरीचा खेळ गेला असताना यंत्रणेवरून वाद घालणं त्याला त्या क्षणी लाजिरवाणं वाटलं.

"ज्याची दृष्ट त्याच्या डाव्या पायाखालची माती लागते," अनिलकाकांनी कलम वाचून दाखवावं तसं सांगितलं. "मीठ-मिरच्यांबरोबर ओवाळायची."

"आणि एक," यमुनाबाई म्हणाली. "मॅचीपर्यंत पोरीच्या वाटेला जायचा नाय. बोलायचा नाय. ती बोलायला आली तरी तू पाठ फिरव. मी तिलाही बजावलंय."

"दे रे माती," आई म्हणाली. "मातीने तुझं काय जातंय?"

माती द्यायला विनीतची ना नव्हती, पण ती होती कुठे? घरात फरशी. जिन्यात फरशी. खाली सोसायटीने गेल्या वर्षीच सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवलेले, तेही अनिलकाका अध्यक्ष असताना. शेवटी सगळी मिरवणूक मागच्या रिकाम्या प्लॉटवर गेली. गॅलऱ्यांमधून माणसं उभी. विनीतने चप्पल काढून तांबड्या मातीत डावा पाय रोवला, उचलला, आणि अनिलकाकांनी चमच्याने माती प्लास्टिकच्या पिशवीत भरायला घेतली. आयुष्यभर लोकांच्या विहिरींचे नमुने घेणाऱ्या माणसाचा स्वतःचाच नमुना घेतला जात होता. तरीही त्याला राहवलं नाही.

"काका, चमचा कोरडा आहे ना?"

"का रे?"

"नाही, ओल्या चमच्याने नमुना खराब होतो."

"बघा," वरच्या गॅलरीतून कोणीतरी म्हणालं, "स्वतःच्या दृष्टीतसुद्धा चुका काढतो!"

तिसरी मॅच कणकवलीच्या टीमशी. विद्यापीठाचे दोन निवड करणारे पांढऱ्या गाडीतून आले आणि मांडवाखाली बसले. मॅचआधी कॉलेजचा जुना शिपाई धोंडू नारळ घेऊन रिंगच्या खांबापाशी उभा राहिला. दरवर्षी हंगामाच्या पहिल्या मॅचला तो देवाला गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने साकडं, घालतोच. यंदा परिस्थिती पाहून दुसऱ्यांदा घालायचं ठरलं होतं. मुली खांबाभोवती गोळा झाल्या. विनीत लांब, गेटजवळ उभा होता. आईने सवयीने हातात दिलेली छत्री त्याने मिटूनच ठेवली होती. आपण कमीत कमी दिसावं एवढीच त्याची इच्छा होती, आणि लिंबू रंग त्या कामाला बरा नसतो.

"हे बा देवा म्हाराजा!" धोंडूने आवाज लावला. "आज ही लेकरा तुझ्या पायाशी उभी ऱ्हायली हायत. त्यांच्या हातातला बॉल सुखरूप रिंगीत जाऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी साथ दिली. निवड करणाऱ्यांपैकी एकानेही दिली, कोकणातला असावा.

"आल्यागेल्याची, वाटेवरची कोणाची नजर लागली आसंल, तर ती आल्या वाटेनं परत जाऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि गेटापाशी उभा हाय तो विनीत, त्यान् शिकलेपणाच्या भरात काय कमी-जास्त बघितला आसंल, लिहिला आसंल, तर ता पोटात घाल, आणि त्याच्या डोळ्यांना जरा आराम दे रे म्हाराजा!"

या वेळचं "व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठं झालं. सगळ्या माना गेटकडे वळल्या. विनीतचे कान तापले. पण गंमत अशी, की त्याच्याही तोंडून, अगदी बारीक आवाजात का होईना, तोच शब्द निघाला होता.

पहिला हाफ चुरशीचा झाला. बाजू बदलल्या. पश्चिमेच्या रिंगकडे जाताना अक्षयाने कोर्टाच्या कडेकडेने नजर फिरवली. आधी रिंगच्या मागे, मग मांडवाकडे, मग गेटकडे. कोणाला तरी शोधत असल्यासारखी. विनीतला ते लांबूनही कळलं. 'मी कुठे बघत तर नाही ना, याची खात्री करत्ये बिचारी,' असं त्याच्या मनात आलं आणि त्याला इतकं अपराधी वाटलं, की तो गेटच्या खांबामागे सरकला. तिने पुन्हा शोधलं. त्याने पाठ फिरवली. छत्री दोन्ही हातांनी पोटाशी धरून तो रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

पाठीमागे खेळ आवाजांतून कळत होता. शिट्टी. बुटांची करकर. "मृणाली, मधे बघ, मधे!" हा सरांचा आवाज. मग एक लांब शिट्टी आणि एकदम शांतता. एका पॉइंटने आपण मागे होतो, वेळ संपली होती, आणि अक्षयाला दोन फ्री थ्रो मिळाले होते, हे शेजारच्या भेळवाल्याने त्याला न विचारता सांगितलं.

बॉल जाळीतून गेला तर कसा आवाज होतो आणि रिंगवर आदळला तर कसा, हे विनीतला झोपेतही ओळखता आलं असतं. त्याने डोळे मिटले. बॉल आपटल्याचा आवाज आला. मग काही नाही. मग लोखंडाचा ठणका.

गर्दीने उसासा टाकला. दुसऱ्या वेळी शांतता फार लांबली. त्या शांततेत विनीतने, पाण्याच्या नमुन्यांवर पोट भरणाऱ्या त्या माणसाने, पायाखालच्या मातीची, नारळाची, धोंडूच्या देवाची, सगळ्यांची मनातल्या मनात माफी मागून टाकली. पुन्हा ठणका झाला. आणि समोरच्या टीमच्या मुली ओरडत धावल्याचा आवाज आला.

गर्दी पांगली. पांढरी गाडी विनीतच्या अगदी जवळून गेटबाहेर गेली. आतला एक जण दुसऱ्याला म्हणत होता, "मुलगी चांगली आहे हो, पण ऐन वेळेला…" पुढचं काचेने गिळलं.

विनीत निघाला तर मागून हाक आली. "विनीतदादा!"

अक्षया होती. चेहरा धुतलेला, डोळे लाल. विनीतने यमुनाबाईने बजावल्याप्रमाणे पाठ फिरवली.

"आता कशाला पाठ फिरवता? झालं की सगळं!" ती म्हणाली. "तुम्ही तिथे का नाही बसलात?"

"कुठे?"

"तुमच्या चिऱ्यावर. रिंगच्या मागे. मागच्या मॅचलाही नव्हतात. आज तरी बसाल असं वाटलं होतं."

"मी? अगं, माझ्यामुळेच तर… माझं बघणं…"

"बघण्याचं काय घेऊन बसलात? तुम्ही काय बघता ते मला कुठे दिसतंय! मला लांबचं दिसतच नाही धड. चष्मा घालून खेळता येत नाही, आणि लेन्स या खाऱ्या वाऱ्यात झोंबतात. त्यातून समोर सूर्य. दुसऱ्या हाफला मला रिंग दिसतच नाही, दादा. नुसतं पांढरं पांढरं. त्यात तुमची छत्री तेवढी दिसते. पाठीमागून ऊन येतं ना, ती अशी पेटल्यासारखी दिसते. पिवळी. तिच्या बरोब्बर वर रिंग. मी तिच्या जरा वरती बघून टाकते. टाकायची. मलाही कळलं नव्हतं मी असं करते. तुम्ही नव्हतात तेव्हा कळलं."

विनीतने हातातल्या मिटलेल्या छत्रीकडे पाहिलं.

"मग सांगायचंस की."

"आत्याने बोलायला बंदी केली होती. तुम्हीपण मला बघून लपत होतात."

पहिल्या हाफमध्ये पूर्वेची रिंग. तिकडे छत्री नाही. तिकडचे चुकत. दुसऱ्या हाफमध्ये पश्चिमेची. तिकडे छत्री. तिकडचे जात. हे सगळं त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं आणि खाली 'शरीर तापायला वेळ लागत असावा' असं ठोकून दिलं होतं. मृणाली आपल्या आईकडे बघते, हे त्याला दिसलं होतं. वारा दिसला होता, टाच दिसली होती. सगळ्या कोर्टावर एकच गोष्ट त्याने पाहिली नव्हती. ती त्याच्याच खांद्यावर होती.

"चल," तो एकदम म्हणाला.

"कुठे?"

"चल तर."

कोर्ट रिकामं होतं. धोंडू फुटलेल्या नारळाची शकलं गोळा करत होता. विनीत जाऊन चिऱ्यावर बसला. पाठीमागे सूर्य समुद्राला टेकायला आला होता. त्याने छत्री उघडून खांद्यावर ठेवली. अक्षया रेषेवर उभी राहिली. बॉल आपटला. जिभेचं टोक बाहेर आलं, डावी टाच उचलली गेली, आणि बॉल निघाला. तो वर येताना विनीतला दिसला, मग छत्रीच्या काठाआड गेला, आणि त्याच्या डोक्यावर फक्त जाळीचा आवाज झाला. कोरडा, छोटा, कापड फाटल्यासारखा.

त्या वेळी पांढरी गाडी फार तर शहराबाहेरच्या हातखंब्यापर्यंत पोचली असेल.

धोंडूने बॉल परत फेकला. तिने पुन्हा टाकला, पुन्हा तोच आवाज. हसली नाही, रडलीही नाही. नुसती टाकत राहिली.

"दादा, हात दुखला तर सांगा," मधेच ती म्हणाली.

"नाही दुखत," विनीत म्हणाला. दुखत होता.

सूर्य बुडाला. पाठीवर ऊन उरलं नव्हतं, छत्रीचं काही कामही उरलं नव्हतं. गेटजवळून अनिलकाकांनी हाक मारली, "काय रे, आता तरी काही लिहिणार की नाही?" विनीत समोर रेषेकडेच बघत राहिला. मान वळवली असती तर छत्री हलली असती.